मोगरीचा ढेकर

१. चोरी

चोरीला गेलेली कालवड समोर बसून रवंथ करत होती.

कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर तोच नंबर, कपाळावर मोगऱ्याच्या कळीएवढा पांढरा ठिपका. त्या ठिपक्यावरूनच बंजाऱ्यांच्या तांड्यानं तिचं नाव मोगरी ठेवलेलं. जबडा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. जगात कशाचीच घाई नसल्यासारखा.

"ही ती नाहीच," रजत म्हणाला.

डॉ. विमल गावंडे, म्हणजे कळंबच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या विमलताई, गव्हाणीला टेकून उभ्या होत्या. ऑक्टोबरच्या उन्हानं पत्रे तडतडत होते.

"बिल्ला तं तोच हाये."

"बिल्ला कोणीही दुसरीच्या कानात अडकवेल, मॅडम. श्वास अडकवता येत नाही."

रजत पुण्याहून आलेला, 'शीतलधेनू' प्रकल्पाचा अधिकारी. त्यानं बोट दाखवलं तिकडे, कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, टोकाला पांढरं खोकं उभं होतं. आत ढेपेच्या गोळ्या पडत. कालवड गोळ्यांसाठी तोंड घाले आणि खोकं तिचा श्वास मोजे; शेजारी टेकून बसलेलीचाही. रवंथ करणारं जनावर ढेकर देतं, त्या ढेकरातून जो वायू निघतो तो आभाळ तापवतो. या सहा कालवडी गर्भात असतानाच त्यांचा एक जीन बदललेला. त्यांच्या पोटात तो वायू करणारे जंतू आपसूक रुजत नाहीत, म्हणून त्यांचा ढेकर साध्या गाईच्या निम्म्याहून कमी. तांडा त्यांना 'थंड्या गाई' म्हणे.

आणि गेल्या आठवड्यात मोगरीचा आकडा एकदम साध्या गाईएवढा झाला.

"मशीन बिघडलं असंल."

"बाकीच्या पाचही त्याच मशीनमध्ये तोंड घालतात. त्यांचे आकडे ठीक आहेत. खरी मोगरी विकली आणि तिच्यासारखी दिसणारी आणून बांधली. बाहेर हिचे किती येतील, कल्पना आहे?"

रजतच्या तक्रारीवरून संजय कालपासून कळंबच्या कोठडीत होता. संजय या कोठ्याचा राखणदार, याच तांड्यातला. ठाणेदारांनी विमलताईंना इतकंच विचारलं होतं: ही गाय ती आहे की नाही, सांगा. बाकी आम्ही पाहून घेऊ.

कोठ्याला लागूनच संजयचं घर. दारात बाजेवर त्याचा बाप धनसिंग पडून होता. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजे. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला 'घरी न्या' म्हणून सांगितलेलं. त्याची बायको धनीबाई चहा घेऊन आली. ओढणी डोक्यावरून पार कमरेपर्यंत. तिनं कप पुढे केला, डाव्या हातानं.

विमलताईंना जरा लागलंच. इतकी वर्षं तांड्यातांड्यांतून फिरल्या, डाव्या हातानं त्यांना कुणी काही दिलं नव्हतं.

"माह्या पोरानं चोरी नाही केली वो, बाई."

"मंग गाईचा श्वास कोणं बदलला?"

धनीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

२. ज्यानं पाहिलं

तांड्याच्या कुंपणाला विठ्ठलरावांचं वावर लागून. निम्म्यात कापूस, निम्म्यात तूर, आणि बांधावर विठ्ठलराव स्वतः, खुर्ची टाकून.

"मी पायलं ना! पहाटीच संजय पिकअपमंधी गाय घालून चाल्ला होता. पांढरकवड्याच्या रस्त्यानं."

"कोणती गाय? मोगरी?"

"आता अंधारात गाईचं कपाळ कोण पायते, ताई? गाय होती. हे मी ठाणेदारालेबी सांगतलं." त्यांनी तंबाखू मळली. "अवो, गाईचा ढेकर मोजाले पुण्याहून माणसं आले. माही बायको रोज माहा ढेकर ऐकते अन् शिव्या देते, तिले कोणी पगार देते काय?"

विमलताई हसल्या. मग विचारलं, "तुमची जनावरं दिसत नाहीत कुठं?"

विठ्ठलरावांचा चेहरा बदलला. "तिकडच्या टोकाले बांधतो. त्या मशीनच्या गाईंचं काय सांगता? यांचा वारा माह्या ढोराले नोको. एक गाभण हाये माही."

"वाऱ्यानं काही होत नाही, भाऊ."

"तुमी सरकारी मानूस. तुमी असंच म्हणणार."

३. ज्यानं मोजलं

रजतच्या खोलीत भिंतीवर मोगरीचा मोठा फोटो होता. खाली एक इवलासा आकडा, जाड अक्षरात.

"हा तिचा विक्रम," तो म्हणाला. आवाजात खरं प्रेम होतं. "चोरीच्या अगदी आधीच्या दिवसांतला. एवढा कमी श्वास कुठल्याच गाईचा आम्ही मोजलेला नाही. तोवर कालवडी आमच्या गोळ्यांवर होत्या. त्याच आठवड्यात शेतकऱ्याच्या चाऱ्यावर चाचणी सुरू केली. सोयाबीनचं कुटार, तुरीचं कुटार, सगळा कोरडा भुसा. लोक म्हणाले होते, फसेल. आकडा वाढायच्या ऐवजी उतरला, ताई! मी त्या दिवशी आईला फोन केला होता."

तो आता ताई म्हणत होता.

"अन् मंग?"

"मग एकदम वर. तेव्हाच ओळखलं, गाय बदलली."

त्यानं खणातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत एक पांढरा तुकडा, नखाएवढा, किंचित वाकलेला. "हा मोगरीच्या गव्हाणीत सापडला. खोक्याचा असणार. म्हणजे मशीनशीही कुणीतरी खेळलंय."

विमलताई तुकडा घेऊन खोक्यापाशी गेल्या. चारही बाजूंनी हात फिरवला. कुठंही टवका गेलेला नव्हता. आणि खोक्याची प्रत्येक कड सरळ होती. तुकडा वाकडा होता.

४. ज्यानं सांगितलं नाही

कोठडीत संजय भिंतीला टेकून बसला होता. पंचविशीचा, दाढी वाढलेली.

"पहाटी कोणती गाय नेली?"

"आमची काळी. म्हातारी. प्रकल्पाची अट हाये, तांड्यात दुसरं एकबी ढोर ठेवाचं नाही. सगळ्यायनं आपले इकले. माह्या याडीच्यानं काळी सुटेना, तं घरामांगं लपवून ठेवली होती." याडी म्हणजे आई. "तपासणीवाले येनार होते, म्हणून बबिताकडं सोडून आलो, केळापूरच्या तिकडं. माही बहीण. ते ठाणेदाराले सांगतलं, पण त्यायले वाटते ते मोगरीच होती."

"मोगरी आजारी होती?"

त्यानं नजर गजांकडे वळवली.

"संजय, मी तुह्या बाजूनं इचारून राह्यलो असं समज."

"चारा बदलला अन् ते सुस्त झाली. रवंथच सोडला तिनं. सरले फोन केला. सर म्हणे, औषध देऊ नको, आकडे छान येऊन राह्यले."

"मंग बरी कशी झाली?"

त्यानं मान फिरवली. विमलताई उठल्या तेव्हा त्यानं गज धरले.

"बापू कसा हाये?"

"तसाच."

"खाते काय तो? छातीत दुखलं नाही ना पुन्हा?"

जामिनाचं त्यानं विचारलं नाही. वकिलाचंही नाही.

५. जिला विचारायचं राहिलं

प्रश्न: तू मोगरीच ना?

उत्तर: जबडा डावीकडे.

प्रश्न: मग तुझा श्वास दुसरीचा कसा?

उत्तर: जबडा उजवीकडे.

प्रश्न: तुला काय चारलं? कोणी?

उत्तर: घशातून एक गोळा सरसरत वर आला, तोंडात पोचला. जबडा पुन्हा डावीकडे.

विमलताईंनी तिच्या शेपटीचे केस मुळासकट उपटून पाकिटात घातले.

६. अहवाल

केसांचा अहवाल आला. गाय तीच. बदललेला जीन जागच्या जागी.

रजत पांढरा पडला. मोगरी चोरीला गेली असती तर एक कालवड गेली असती. पण ही मोगरीच असेल, तर त्याची सगळी विद्या गेली.

"म्हणजे संजयनं तिला काहीतरी चारलं," तो म्हणाला. "मुद्दाम. प्रकल्प बुडवायला."

ठाणेदार म्हणाले, "कलम बदलन. पोरगा आतच राहीन."

१. चोरी (पुन्हा)

गाय पहिल्यांदा चारा नुसता गिळते. चव तिला दुसऱ्या खेपेला कळते. विमलताई दवाखान्याच्या ओट्यावर बसल्या आणि पहिला दिवस त्यांनी परत तोंडात आणला.

मोगरी बसून रवंथ करत होती. रजत बोलत होता. पत्रे तडतडत होते. धनीबाई चहा घेऊन आली, डाव्या हातानं. त्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या बलिया, म्हणजे बांगड्या, खेटून खेटून बसलेल्या. तांड्यातल्या लेकीसुनांनी सोडल्या, पण धनीबाईच्या वयाच्या बायका लग्नात चढवलेल्या बलिया नवरा असेपर्यंत उतरवत नाहीत; उतरल्या तर नवऱ्याच्या जिवावर येतं, असं मानतात. पूर्वी हस्तिदंताच्या असत, आता प्लास्टिकच्या.

पांढऱ्या. गोल. तुटल्या तर तुकडा वाकडाच निघणार.

आणि उजवा हात?

उजवा हात ओढणीच्या आत होता.

बाई पाहुण्याला डाव्या हातानं चहा देते, म्हणजे उजवा दाखवायचा नाही. उजव्या हातात बलिया नाहीत. त्या उतरवायची वेळ बाईवर एकदाच येते. पण हिचा नवरा तर दारात बाजेवर होता, शिट्टीसारखा श्वास घेत.

मग जित्या नवऱ्याच्या बाईनं बलिया कशापायी काढल्या?

विमलताई उठून उभ्या राहिल्या. बलिया घातलेला हात एका ठिकाणी जात नाही.

गाईच्या तोंडात.

७. उलगडा

कोठ्यात त्या, रजत आणि ठाणेदार. धनीबाईला विमलताईंनी खुणेनं आडोशाला बोलावलं, बाजेपासून दूर. आवाज लहान ठेवला.

"रजत, तुहा विक्रमाचा आकडा खरा होता. पण तो जीनचा नव्हता, भुकेचा होता. गोळ्या पचाले सोप्या, त्यायच्यावर ह्या कालवडी कशाबशा चालत होत्या. कुटार पचवाले पोटात जे जंतू लागतात, ते हिच्यात पुरते नव्हतेच. पोट बंद पडलं. ज्याच्या पोटात काही चालत नाही, ते ढेकर कायचा देईन? तू त्या आकड्याचा फोटो टांगला तवा ते मरून राह्यली होती."

"संजयनं फोन केला होता," रजत हळूच म्हणाला. "मला वाटलं, सुस्ती जाईल."

"मंग कोणीतरी काळीच्या तोंडातला रवंथाचा घास काढून हिच्या घशात घातला. एकदा नाही, लय वेळा. घासासंगं काळीच्या पोटातले जंतू आले अन् मोगरीचं पोट चालू झालं. ढेकरबी काळीचाच आला. कोणी चोरी केली नाही, कोणी जहर दिलं नाही. एका बाईनं गाय वाचवली."

ठाणेदारांनी मान हलवली. "मले पुरावा लागते, म्याडम. कोणती बाई?"

"साहेब, हळू बोला."

"हळू कायले? हेच बाई काय? काढ वो बाई, हात दाखव!"

धनीबाई जागची हलली नाही. "बाई," ती बाजेकडे पाहत विमलताईंना म्हणाली, "यायच्यासमोर नोको. पाया पडतो."

त्याच क्षणी विमलताईंना दुसरं कोडं सुटलं. पोरगा कोठडीत असून आई गप्प का, आणि पोरगा बापाचंच का विचारतो. पण उशीर झाला होता. ठाणेदारांचा आवाज बाजेपर्यंत गेला होता. धनसिंग कोपरावर उठून बसला होता आणि इकडेच पाहत होता.

धनीबाईनं ओढणीतून हात काढला. उघडा, कोपरापर्यंत. इतक्या वर्षांत ऊन न लागलेली कातडी, बाकी बाईपेक्षा गोरी. बोटांवर दाढांचे वण.

"माही याडी असंच करे," ती जमिनीकडे पाहून बोलली. "एका गावडीनं रवंथ सोडला का दुसऱ्या गाईच्या तोंडातला घास काढून देयाचा. बलिया आडव्या येत होत्या. साबन लावून काढल्या. एक फुटली. संजयनं गाय धरली होती. त्याले म्या आन घातली, बापूले सांगू नोको म्हणून. पुन्हा चढवतो म्हणलं बोटं उतरले का, पन बोटं सुजले ते सुजलेच."

मग धनसिंगनं विचारलं, "कोन्या दिवशी काढल्या?"

"सोमवारी."

"सोमवारीच मले छातीत कळ आलती."

तो रागानं बोलला नाही. हिशेब लागल्यासारखा बोलला. आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून झोपला.

८. न्याय

संजय सुटला. विमलताईंनी सगळं लिहून दिलं. त्याशिवाय तो सुटत नव्हता.

त्याच अहवालावर मोगरी गेली. प्रकल्पाच्या अटीत होतं: बाहेरच्या जनावराचा संसर्ग झालेली कालवड परत न्यायची.

"नेऊन काय करता?" विमलताईंनी विचारलं.

रजतनं गाडीच्या दोराची गाठ पुन्हा बांधली. आधीची घट्टच होती.

"बाकीच्या पाचांचं काय? त्याबी कुटारावरच हायेत."

"मी वर लिहिलंय. उत्तर येईपर्यंत चाचणी थांबवता येत नाही, औषधही देता येत नाही." मग म्हणाला, "ताई, म्हणजे जीन कामाचाच नाही का?"

"कामाचा हाये. उपाशी गाईत."

त्याचे डोळे भरले. तो वाईट माणूस नव्हता, आणि त्यानं काहीच फरक पडला नाही. मोगरी फळीवरून स्वतःहून गाडीत चढली. आत बसली आणि रवंथ करू लागली. गाडी कळंबच्या रस्त्याला लागली तरी जबडा चालूच होता.

धनीबाईनं उरलेल्या बलिया परत चढवल्या होत्या. धनसिंगनं ते पाहिलं नाही. तो भिंतीकडून वळत नव्हता आणि जेवतही नव्हता. संजयनं हात धरून विनवलं तेव्हा एवढंच म्हणाला, "तुह्या याडीवर माहा राग नाही रे. निरोप आला, समजला मले."

९. जिला विचारलं

मग पवळीनं रवंथ सोडला. पाचांतली सगळ्यात लहान.

विमलताईंना संजयचा फोन आला. 'प्रकल्पाच्या जनावरांना हात लावू नये' असं पत्र त्यांच्या टेबलावर होतं. त्या गेल्या. पवळी खोक्याला लागूनच बसलेली, मान पोटाशी दुमडलेली, नाक कोरडं. खोक्याच्या काचेत तिचा आकडा दिसत होता. मोगरीच्या विक्रमाहूनही खाली.

"ऐका," विमलताई धनीबाईला म्हणाल्या. "हिले घास देल्ला तं वाचंल. पण आकडा वाढंल, अन् मोगरीवानी हिलेबी गाडी येईल. या खेपी मी लिहिणार नाही, पन खोकं लिहीते."

"येऊ द्या गाडी. उपाशी तं नाही जानार."

पण हात उचलायला ती तयार नव्हती. बलियांवर दुसरा हात ठेवून उभी राहिली. तेव्हा पाठीमागे बाज करकरली.

धनसिंग भिंत धरत धरत आला. आठवडाभरात अंगावर काही उरलं नव्हतं. बायकोजवळ बसला, तिचा उजवा हात मांडीवर घेतला आणि संजयला म्हणाला, "साबन आन."

"नोको, जी," धनीबाई म्हणाली. "तुमाले आन हाये."

"मी तं चाललोच हावो. पवळीचं तं होऊ दे."

एकेक बली तो उतरवत गेला. दमला की थांबे, शिट्टी ओसरली की पुढची. धनीबाई आवाज न करता रडत होती. शेवटची निघाली तेव्हा त्यानं तो गोरा हात दोन्ही तळव्यांत धरला, जसा लग्नात धरला असेल.

"आता घास आन," तो म्हणाला.

आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

कुणाच्या तोंडातला?

काळी बबिताकडे जाऊन जगली नव्हती. तांड्यातली बाकी ढोरं प्रकल्पासाठी केव्हाच विकलेली. पवळीच्या चार बहिणी सकाळपासून माना टाकून उभ्या होत्या. विमलताईंनी विठ्ठलरावांना फोन लावला.

"ताई, तुमचा मान ठेवतो, पन नाही. त्या गाईचा रोग माह्या गाभण गाईले लागला तं? तुमीच तं लिहून देल्लं ना, संसर्ग म्हणून."

त्यांनी तो शब्द तसा लिहिला नव्हता. पण गावात तोच पोचला होता. पुढच्या वाडीत तोच, कळंबपर्यंत तोच. फोन करून करून त्यांचा कान तापला.

शेवटी त्या पवळीसमोर गुडघ्यांवर बसल्या. संजयनं दोर धरला होता. धनीबाईचा हात कोपरापर्यंत उघडा, साबणानं ओला, तयार. धनसिंग तिला टेकून बसलेला.

प्रश्न: पवळे, ऐकतेस ना?

खोक्याच्या काचेतला आकडा आणखी एका घरानं उतरला. ज्या तांड्याचे बैल कधीकाळी मुलखाचं धान्य आणि मीठ वाहत होते, त्या तांड्यात आता एकही तोंड हलत नव्हतं.